पत्रिका छापायला जायच्या आत

गणपती तीन आठवड्यांवर आले. मांडवाची परवानगी, पावतीपुस्तकं, ढोल-ताशाची सुपारी आणि दहा दिवसांच्या कार्यक्रमांची पत्रिका, सगळं याच आठवड्यात ठरतं. मला हे ठाऊक आहे, कारण माझे वडील पेठेतल्या आमच्या मंडळाचे बावीस वर्षं खजिनदार होते आणि पत्रिकेचं प्रूफ आमच्याच घरी, चहाचे कप बाजूला सारून, तपासलं जायचं. म्हणून हे आवाहन आज लिहिते आहे. पत्रिका एकदा छापखान्यात गेली की "पुढच्या वर्षी नक्की बघू, ताई" एवढंच उत्तर येतं. गेली चार वर्षं मला तेच येतं आहे.

मंडळाच्या अध्यक्षांनो, कार्यकर्त्यांनो, सोसायट्यांच्या सेक्रेटरींनो, मागणी साधी आहे. दहा संध्याकाळींतली एक संध्याकाळ, तीही दोन तास, द्या. पाककृती स्पर्धेची द्या, ऑर्केस्ट्राची द्या, खेळ पैठणीचा असेल तर त्याची द्या (यावरून घरोघरी भांडणं होतील, कल्पना आहे). त्या दोन तासांत मांडवात जमलेल्या माणसांना, बायांना, पोरांना आणि आजोबांनाही, अंगावर चालून येणाऱ्या माणसाचं काय करायचं ते शिकवायचं. मी एकटी किती ठिकाणी पुरणार? पण शहरात ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग शिकवणारे पुष्कळ आहेत. बोलवा त्यांना. फक्त त्यांच्याकडून विटा फोडून घेऊ नका. वीट कुणाच्या अंगावर चालून येत नाही.

आधी माझी लाज सांगते. मी ज्युदोची ब्लॅक बेल्ट, चोवीस वर्षं शिकवते आहे. सहा वर्षांपूर्वी सकाळी साडेसहाला दूध आणायला निघाले होते. मागून दुचाकी आली, मागे बसलेल्याने गळ्याकडे हात टाकला आणि मंगळसूत्र गेलं. माझा हात वरसुद्धा गेला नाही. पिशवी तशीच हातात, तोंड उघडं, आवाज नाही. त्याच आठवड्यात मी मुलींना पकड सोडवायच्या सात पद्धती शिकवल्या होत्या. सातांपैकी एकही माझ्या मदतीला आली नाही.

ओरडली ती कोपऱ्यावर भाजी मांडणारी बाई. "धरा, धरा" करत तिने हातातला दुधी भोपळा गाडीवर फेकला. भोपळा रस्त्यावर फुटला, गाडीला लागला नाही. पण ती पंचवीस पावलं धावली, तिच्या आवाजाने दोन गॅलऱ्यांतले दिवे लागले, आणि गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे तिनेच पोलिसांना सांगितले. मला गाडीचा रंगही सांगता आला नाही.

या बाईने आयुष्यात कधी मॅटवर पाय ठेवलेला नाही. मी खूप दिवस विचार करत होते की तिच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नव्हतं. एकदा कोथिंबीर निवडता निवडता तिनेच सांगितलं. पहाटे अडीचला उठून मार्केट यार्डात जायचं, टेम्पोवाले, हमाल, दारू पिऊन आलेले, सगळ्यांतून वाट काढायची. "एकदाच ठरवलं ताई, वीस वर्षं झाली. कुणी अंगाला हात लावला तर गप बसायचं नाही. मग दरवेळी इचार करावा लागत नाही."

माझं सगळं म्हणणं या बाईच्या एका वाक्यात आहे. प्रसंग आल्यावर ठरवायला वेळ नसतो. जे आधी ठरलेलं असतं तेच अंग करतं. ओरडायचं, पळायचं, मारायचं, दुसऱ्यासाठी मध्ये पडायचं, याची परवानगी स्वतःला घरी बसून, शांत डोक्याने, आधी देऊन ठेवावी लागते. हातापायांचे डाव त्यानंतर.

त्या सकाळनंतर मी माझा वर्गच बदलला. आता पहिल्या दिवशी सगळ्यांना जुना पांढरा टी-शर्ट घालून यायला सांगते आणि एकाच्या हातात लाल मार्कर देते. मार्कर म्हणजे चाकू. समोरच्याने तो हिसकावून घ्यायचा, मोबाइलवरच्या रीलमध्ये घेतात तसा. वेळ दहा सेकंद. शिटी वाजली की आरशासमोर उभं राहायचं. मागच्या बॅचला एक मुलगा होता, जिममध्ये घडवलेला, दंड असे की बाही उसवेल. त्याच्या टी-शर्टवर सतरा रेघा निघाल्या. दोन गळ्यालगत, एक थेट काखेपर्यंत. तो मोठ्याने मोजत होता, हसत होता. अकरा-बारापर्यंत आला आणि हसणं थांबलं. त्याच दिवशी नर्सिंगचा कोर्स करणारी एक मुलगी मार्कर दिसताच हॉलचं दार उघडून पळाली आणि खालून जिन्यातून ओरडली, "ताई, शिटी वाजवा, मी गेटपाशी पोचले!" सगळा वर्ग हसला. तिचा टी-शर्ट कोरा होता. पहिला नंबर तिचाच दिला.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एक हिशेब मांडला होता. चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला शिकलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे आपल्या गल्लीतल्या मध्यम मांडवाची रुंदी. आता पर्सच्या तळाशी, डब्याखाली, छत्रीखाली पडलेला पेपर स्प्रे किती वेळात हातात येतो ते घड्याळ लावून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीला सव्वीस सेकंद लागले, आणि बाहेर आली ती लिपस्टिक. स्प्रे वाईट नाही. पण तो हातात नसेल, कधी दाबून बघितलेला नसेल आणि रिक्षात समोरून वारा येत असेल, तर तो तुमच्याच डोळ्यांत जायचा. आमच्या आयांच्या पिढीकडे सेफ्टी पिन असायची. ती पदराला बाहेरच लावलेली असे, गर्दीच्या बसमध्ये चढण्याआधी ती बोटांत आलेली असे, आणि कुणाला टोचायची ते ठरलेलं असे. मला त्या पिनेचं फार कौतुक आहे.

भीतीने शरीराचं काय होतं तेही समजून घ्या, म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्याला दोष देणं थांबेल. छाती धडधडते, बोटांची बारीक कामं जमेनाशी होतात, किल्ली कुलपात जात नाही. नळीतून पाहिल्यासारखं फक्त समोरचं दिसतं, कधी कधी शेजारचा आवाजही कानावर येत नाही. आणि काहींचं अंग दगड होतं. स्टॉकहोममध्ये, बलात्कारानंतर तातडीच्या वैद्यकीय केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात असं गोठलं होतं. ती संमती नव्हती आणि भित्रेपणाही नव्हता. तेव्हा "ओरडली का नाहीस" हा प्रश्न घरात, चौकीत, कुठेही विचारू नका. मी स्वतः ओरडले नव्हते, आणि माझं तर फक्त सोनं गेलं होतं.

म्हणूनच सात पद्धती नकोत. तीन-चार पुरेत, त्याही मोठ्या, ओबडधोबड हालचालींच्या. तळहाताच्या मुळाने नाका-हनुवटीवर. जवळ आला तर कोपर. त्याहून जवळ आला तर गुडघा. मागून धरलं तर टाच त्याच्या पायाच्या पंजावर. एकदा मारून थांबायचं नाही, सुटका होईपर्यंत मारायचं, आणि सुटलात की बघत उभं राहायचं नाही. सहा महिन्यांत पिवळा पट्टा देणारे वर्ग पोरांना हवेत हात फिरवायला शिकवतात. समोरचा मुलगा ठरल्याप्रमाणे हल्ला करतो, ठरल्याप्रमाणे पडतो, आणि आईबाप व्हिडिओ काढतात. पोर घामाघूम होतं तेवढाच फायदा. मर्दानी खेळांबद्दलही हेच. शिवजयंतीला दांडपट्टा फिरताना बघून माझ्याही अंगावर काटा येतो, तो वारसा जपलाच पाहिजे. पण रात्री साडेदहाला एसटी स्टँडवर तुमच्याकडे दांडपट्टा नसणार. फाटकी सॅक असणार.

आता मंडळांशी थेट ज्याचा संबंध आहे त्या गोष्टीकडे येते.

१८ जून २०२४. वसईत भर सकाळी रस्त्यावर एका तरुणीला तिच्या आधीच्या मित्राने लोखंडी पान्याने मारून मारून ठार केलं. भोवती माणसं होती. एकाने अडवायचा प्रयत्न केला, पण तो एकटा पडला. ७ जानेवारी २०२५. पुण्यात येरवड्याला एका कार्यालयाच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्याने एका तरुणीवर धारदार शस्त्राने वार केले, तिचा जीव गेला. तिथेही लोक बघत होते. हत्यार त्याच्या हातातून गेल्यावर मात्र हेच लोक त्याच्यावर तुटून पडले. मला त्या चित्रणातला हा भाग सगळ्यात जास्त छळतो. त्यांच्यात ताकद होती, राग होता, संख्या होती. पहिलं पाऊल कुणी टाकायचं एवढंच ठरलेलं नव्हतं.

आणि २७ जून २०२३. सदाशिव पेठ. कोयता घेऊन एक तरुण मुलीच्या मागे धावतो आहे, वार करतो आहे, माणसं बाजूला होत आहेत. तेवढ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा कोयत्याचा हात धरतो, आणखी एक जण धावून येतो, आणि मुलगी वाचते. तेच पुणे शहर, तसंच धारदार हत्यार, तशीच गर्दी. फरक एका माणसाचा, आणि त्याच्यामागून लगेच आलेल्या दुसऱ्याचा. दुसऱ्याचं महत्त्व आपण कमी धरतो. पहिला वाचतो तो दुसऱ्यामुळे.

"लोकांना काही पडलेली नसते" असं म्हणून हात झटकू नका. ते खरं नाही. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या तीन शहरांत सीसीटीव्हीत टिपलेली रस्त्यावरची २१९ भांडणं संशोधकांनी तपासली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दहांतल्या नऊ ठिकाणी बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. गर्दी जास्त तिथे कुणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त होती. माणूस मुळात मध्ये पडणारा प्राणी आहे. समोर कोयता आला की त्याला कसं ते कळत नाही, इतकंच.

ते शिकवता येतं. तुमच्या मांडवात तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. एक खुर्ची पाठीकडून धरा, चारी पाय समोरच्याकडे करा. आता कोयतेवाल्याला तुमच्यापर्यंत यायला चार पाय ओलांडायचे आहेत. एकट्याने हे करू नका. पाच जण, पाच खुर्च्या, अर्धवर्तुळ, आणि सहावा माणूस जखमीला ओढून बाहेर काढणारा. मी हा प्रयोग गेल्या डिसेंबरात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला. कोयत्याच्या जागी वर्तमानपत्राची गुंडाळी, हल्लेखोर म्हणून सोसायटीतला सगळ्यात दांडगा पोरगा. पहिल्यांदा सगळे एकमेकांच्या खुर्च्यांत अडकले. तिसऱ्या खेपेला पोरगा भिंतीला टेकला होता आणि पाच खुर्च्यांच्या वीस पायांमागून निवृत्त बँक मॅनेजर सावंतकाका त्याला दरडावत होते, "टाक खाली! टाक म्हणतो ना!" काकांना घरी गेल्यावर रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच फोन करून विचारलं, परत कधी?

खुर्ची नसेल तर हेल्मेट, बादलीभर पाणी, दुकानाचं अर्धवट ओढलेलं शटर, गाडीचा सलग हॉर्न. तेही नसेल तर आवाज. पण आवाजालाही पत्ता लागतो. नुसतं "वाचवा" म्हटलं की शंभरातल्या प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्याला उद्देशून आहे, किंवा नवराबायकोचं भांडण आहे. "हा माझ्या ओळखीचा नाही! लाल शर्टवाले काका, एकशेबाराला फोन लावा! हेल्मेटवाले दादा, इकडे या!" असं ओरडा. नात्याने हाक मारलेला माणूस आपल्याकडे जागेवर उभा राहत नाही.

"मध्ये पडलो तर पोलीस आम्हालाच आत टाकतील" हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं बचावाच्या अधिकाराची आहेत. जुन्या दंड संहितेत तीच ९६ ते १०६ होती. नव्या संहितेचं ३५वं कलम स्पष्ट सांगतं की स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करायचा अधिकार तुम्हाला आहे. धोका खरोखर वाटू लागला की अधिकार सुरू होतो, वार पडेपर्यंत थांबावं लागत नाही. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती, बलात्कार, अपहरणासाठीचा हल्ला, ॲसिड फेकणं किंवा फेकण्याचा प्रयत्न, अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो, हे ३८व्या कलमात आहे. आणि दर्शन सिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक फटका मोजूनमापून द्यावा अशी अपेक्षा धरता येत नाही. पण मर्यादाही त्याच कायद्यात आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. हत्यार खाली पडलं, माणूस धरला गेला, तिथे अधिकार संपला. त्यानंतरच्या लाथा हा गुन्हा आहे, आणि माझ्या मते भित्रेपणाही.

पुरुषांशी एक वेगळं बोलायचं आहे. लढायची तयारी म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर गाडी घासलेला माणूस येतो. त्याच्याशी लढायचं नाही. "चुकलं, दादा" म्हणून निघायचं, चूक त्याची असली तरी. मोबाइल मागितला, पाकीट मागितलं, देऊन टाका. माझं मंगळसूत्रही मी आता देऊन टाकेन, पण ओरडत देईन. लढाई जिवासाठी, अब्रूसाठी आणि ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठी राखून ठेवा. पानाच्या टपरीवर खर्च करू नका.

आणि तयारी म्हणजे दरवेळी मारामारीच असं समजू नका. २६ नोव्हेंबर २००८ला, मुंबईवरच्या हल्ल्याच्या रात्री, पोलीस तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले, हे आपण लेकरांना सांगतो, सांगितलंच पाहिजे. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या पँट्रीत नेलं, दारं लावली, दिवे घालवले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक माइकवरून प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर पडायला सांगत राहिले. दोघांनीही कुणाला बोट लावलं नाही. त्यांना आपली जागा माहीत होती. कोणतं दार कुठे उघडतं, कोणती वाट कुठे जाते. तुमच्या मांडवाची मागची वाट कुठे जाते? जनरेटरच्या मागचा अंधार कोण बघतं? विसर्जन मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर एखादी मुलगी किंचाळली तर कुणाला ऐकू जाणार आहे? मिक्सरवाल्याला एक खूण ठरवून द्या. दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की आवाज त्या क्षणी बंद, कारण नंतर विचारायचं. याला एक रुपया लागत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. हा सांगितला की सभागृहात खुर्च्या वाजू लागतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी दरवर्षी तेच सांगते. बलात्काराच्या शंभर प्रकरणांत नव्वदाहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, आधीचा मित्र, नोकरीतला वरिष्ठ. म्हणजे अंधारी गल्ली आणि तोंड बांधलेला अनोळखी माणूस यांची तयारी करून आपण परीक्षेला भलत्याच विषयाचं पुस्तक घेऊन बसतो. ओळखीच्या माणसापुढे मुठी कामाला येत नाहीत, कारण मूठ वळण्याआधी भीड आडवी येते. माझ्या वर्गात एक सराव आहे. मी कुणा काकांची भूमिका करते, मुलीच्या खांद्यावर हात ठेवते, आणि तिने फक्त दोन शब्द म्हणायचे: "हात काढा." एक मुलगी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची, हुशार, वक्तृत्वात बक्षिसं घेतलेली. ती म्हणाली, "सॉरी काका, प्लीज हात काढाल का?" पुन्हा. "काका, सॉरी हां, पण..." पुन्हा. अकराव्या खेपेला सॉरी गेलं, काका गेले, प्लीज गेलं आणि फक्त दोन शब्द उरले. ते म्हणताना तिचा चेहरा मी विसरणार नाही. मग ती खाली बसली आणि रडली. का, ते मी विचारलं नाही.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं: धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाबद्दलही तो मान्य करणं, बोलून आणि हाताने प्रतिकार करणं. बाकीच्यांना माहितीपत्रकं दिली. वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. बारा तासांनी जवळजवळ निम्मं. मी तुमच्याकडे दोन तास मागते आहे, त्यात एवढं होणार नाही हे मला कळतं. पण दोन तासांत "हात काढा" म्हणता येतं, आणि शेजारी बसलेल्या आईला ते ऐकू येतं. उद्यापासून पोरांना "मामांना पापी दे, कसली लाजतेस" म्हणणं बंद झालं तरी मांडवाचं भाडं वसूल झालं.

प्रसंग घडून गेल्यावरचं घाईत सांगते. ११२ लावा. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका, त्याला झिरो एफआयआर म्हणतात आणि तो आता कायद्यात आहे. अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. आणि कुणी गळा दाबला असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. आतली सूज नंतर जीव घेऊ शकते. रक्त वाहत असेल तर ओढणी, रुमाल, मांडवाचं कापड, जे असेल ते जखमेवर जोराने दाबून धरा आणि किती थांबलं ते बघायला हात उचलू नका.

मंडळांनाच का म्हणते आहे ते सांगून टाकते. पुण्यातल्या मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या नावातच तालीम आहे, गुरुजी तालीम. कितीतरी मंडळं अशीच तालमींतून उभी राहिली. दिवसभर राबलेली पोरं संध्याकाळी लाल मातीत उतरायची, आणि गल्लीत कुणी बाईमाणसाला त्रास दिला तर कुठे जायचं ते सगळ्यांना माहीत असायचं. जुन्या दिवसांचं मला फार कौतुक नाही, त्या मातीत बायकांना पाय ठेवायला मनाईच होती. आमच्या गल्लीतल्या तालमीत आज मांडवाचे बांबू, तुटकी मखरं आणि एक कॅरम बोर्ड आहे. पण जागा आहे. किल्ली अध्यक्षांकडे आहे. गेल्या महिन्यात मागून घेतली, झाडून काढली, बांबू एका भिंतीला लावले. तिथेच सध्या माझा वर्ग भरतो.

ज्या मंडळाला संध्याकाळ द्यायची आहे त्यांनी एवढंच करायचं. स्टेज नको, खाली सतरंजी. चाळीस खुर्च्या, जिमखान्यातली एखादी जुनी गादी, भिंतीवरचं घड्याळ. शाल-श्रीफळ अजिबात नको, त्यात वीस मिनिटं जातात. पुढच्या रांगेत नगरसेवक बसवू नका, बसलेच तर त्यांनाही खुर्ची उचलावी लागेल. पत्रिकेत 'महिलांसाठी स्वसंरक्षण' असं छापू नका, पुरुष त्या दिवशी घरी राहतात. नुसतं 'सर्वांसाठी, सात ते नऊ' छापा.

प्रूफं शनिवारी छापखान्यात जातील. शुक्रवारपर्यंत रोज सात ते नऊ मी तालमीत आहे. वर्ग चालू असताना फोन उचलत नाही, तेव्हा सरळ या, आणि येताना टाकून द्यायचा एखादा पांढरा टी-शर्ट घालून या, मार्कर माझ्याकडे आहेत. ओरडायचं कसं ते शिकवायला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी येणार आहेत. त्यांनी होकार दिला आहे, फक्त आठच्या आत मोकळं करा म्हणाल्या. पहाटे अडीचला उठायचं असतं.